तोडा संपल्यावर

स्टॅम्प शंभराचा होता. २०२४च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा लागतो, हा त्याआधीचा. दोघांची नावं, गट नंबर, संत्र्याची साडेतीनशे झाडं, बहार आंबिया, सौदा ठोक ४ लाख १० हजारांचा, इसार ५० हजार रोख मिळाला. इथवर सगळं नीट. मग अगदी शेवटी, साक्षीदारांच्या सह्यांच्या डोक्यावर, एक वाक्य बसलेलं : ‘उर्वरित रक्कम तोडा संपल्यावर देण्यात येईल.’

कागद घेऊन आला होता माझा जुना विद्यार्थी. मोर्शीकडचा. नववी-दहावीला मी त्याला मराठी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर माझ्याकडे असे कागद येतात ते त्याच भांडवलावर. मी वकील नाही. पण गावाकडे ‘सरांनी वाचून दिलं’ याला अजून थोडी किंमत आहे.

व्यापाऱ्यानं इसार देऊन बाग घेतली. दोन तोडे केले, टपोरं फळ ट्रकात भरून नेलं, दुसऱ्या तोड्याला आणखी लाखभर दिले. तेवढ्यात भाव पडले. झाडावर राहिली ती चुरी, म्हणजे बारकी, डागी फळं. व्यापाऱ्याची माणसं यायची थांबली. राहिले २ लाख ६० हजार.

“तो पैसे द्यायचे नाही म्हणतो का?” मी विचारलं.

“नाई ना सर! थो नाई म्हनतच नाई. तोडा संपू द्या म्हन्ते. अन् तोडा त थो करूनच नाई राहिला.”

यापेक्षा नेमका अर्थ कुठल्या वकिलानंही सांगितला नसता.

त्या सहा शब्दांच्या वाक्यात तीन भोकं आहेत. पहिलं शेवटी आहे : ‘देण्यात येईल’. कोण देईल? हा कर्मणी प्रयोगाचा कचेरीतला अवतार. ‘आदेश काढण्यात आले’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘रक्कम अदा करण्यात येईल’. यात कर्ता लपत नाही, तो मुळात बोलावलेलाच नसतो. शाळेत मी हा प्रयोग शिकवताना कौतुकानं सांगायचो की मराठीला कर्त्यावाचून वाक्य पूर्ण करता येतं. पैशाच्या कागदात तेच अंगाशी येतं. या प्रकरणात पुढे झालंही तसंच. व्यापारी म्हणाला, मी तर नागपूरच्या पार्टीसाठी बाग घेतली, पार्टीचे आले की लगेच देतो. कागदात ‘खरेदीदार देईल’ असं असतं तर नागपूरची पार्टी त्या वाक्यात शिरलीच नसती.

दुसरं भोक ‘संपल्यावर’मध्ये. ‘पाऊस आल्यास’ आणि ‘पाऊस आल्यावर’ यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. ‘ल्यास’ म्हणजे अट. पाऊस येईल किंवा येणारही नाही. ‘ल्यावर’ म्हणजे वेळ; पाऊस येणार हे धरूनच चाललो आहोत, प्रश्न फक्त कधीचा. माझ्या विद्यार्थ्यानं ‘संपल्यावर’ वाचलं ते वेळ म्हणून : तोडा काय, आज ना उद्या संपणारच. व्यापाऱ्यानं वापरलं ते अट म्हणून : संपला तर देईन. आणि संपवणं कुणाच्या हातात? त्याच्याच. देणेकऱ्याच्या हातातली गोष्ट देण्याची अट होऊन बसली की ती मुदत कधी भरतच नाही.

तिसरं भोक ‘उर्वरित’. कशातून उरलेली? ठोक सौद्यातून, की चुरीचा हिशेब वजा जाता? त्याकडे नंतर येतो, कारण याच शब्दानं एकदा अख्खा वऱ्हाड प्रांत गिळला आहे.

ही गोष्ट मी वाढवून सांगत नाही. आपण अमरावती-अकोल्याची माणसं स्वतःला कापसाचे म्हणवतो, पण पन्नास वर्षं आपल्या अंगावर राज्य चाललं ते एका तहातल्या पैसे देण्याच्या कलमावर.

१८००मध्ये हैदराबादच्या निजाम अली खानानं ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. त्याच्या १२व्या कलमात निजामानं कबूल केलं की युद्ध झालं तर आपलं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ तो कंपनीच्या मदतीला देईल. युद्ध झालं तर. पुढे काय झालं, तर युद्धं आटोपली आणि फौज राहिली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची ही फौज ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून बारमाही उभी राहिली आणि तिचा पगार निजामाच्या माथी. ‘झाल्यास’चं हळूहळू ‘झाल्यावर’ झालं आणि मग तेही गळून नुसता पगार उरला. पगार थकला, कंपनीनं स्वतःच्या तिजोरीतून भरला, त्याचं कर्ज झालं, कर्जावर व्याज चढलं. गंमत म्हणजे १८५३मध्ये खुद्द गव्हर्नर-जनरल डलहौसीनं आपल्या टिपणात मान्य केलं होतं की १८००च्या तहातलं कलम निजामाला ही फौज शांततेच्या काळात पोसायला बांधत नाही. वाचन चुकलं हे मान्य; वसुली मात्र सोडली नाही.

२१ मे १८५३ला नवा तह झाला. डलहौसीला वऱ्हाड कायमचं हवं होतं. तेव्हाचा निजाम नासिर-उद्-दौला ‘कायमचं’ या शब्दाला तयार होईना. रेसिडेंट कर्नल लो यांनी बोलण्यात मार्ग काढला : हवं तर फौजेची गरज असेपर्यंत, काही काळापुरते जिल्हे द्या. कागदावर मात्र ‘काही काळापुरते’ असं कुठे आलं नाही. आलं ते असं की हे जिल्हे ‘ब्रिटिश रेसिडेंट फॉर द टाइम बीइंग’ याच्या अनन्य व्यवस्थेखाली सोपवले आहेत. आता ‘फॉर द टाइम बीइंग’ हे चार शब्द साध्या बोलीत वाचले तर ‘तूर्तास’. निजामाच्या कानाला गोड लागावं असंच. कचेरीच्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ ‘त्या त्या वेळी त्या जागेवर असलेला’. म्हणजे तात्पुरता कोण, तर रेसिडेंट. प्रांताची व्यवस्था नव्हे. विशेषण कुणाला लागतं एवढाच प्रश्न, आणि ते जिल्ह्यांना लागत नव्हतं. पुढे निजामाचा दिवाण सालारजंग यानं वऱ्हाड परत मागितलं तेव्हा तोंडी बोलण्याचे दाखले काढले गेले. उपयोग झाला नाही. लेखी वाक्यापुढे तोंडी शब्द टिकत नाही, हा नियम तेव्हाही तितकाच कडक होता.

पण खरी मेख पैशाच्या कलमात. १८५३च्या तहात असं ठरलं की वऱ्हाडच्या वसुलातून फौजेचा आणि ठरावीक नेमणुकांचा खर्च भागवायचा, दरसाल हिशेब द्यायचा आणि उरेल ते निजामाला द्यायचं. उरेल ते. २६ डिसेंबर १८६०ला तहाची दुरुस्ती झाली. निजामाला रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा भाग परत मिळाला, ५० लाखांचं कर्जही माफ झालं. बदल्यात दोन लहानशा गोष्टी गेल्या : हिशेब मागायचा नाही, आणि वऱ्हाडच्या कारभाराला किती खर्च करायचा हे सर्वस्वी ब्रिटिशांनी ठरवायचं. ‘उरेल ते देऊ’ हे वाक्य जसंच्या तसं राहिलं. फक्त वजाबाकी कोण करणार ते बदललं. आगगाडी आली, अमरावती-अकोला-खामगावचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला निघाला, वसूल वाढला. पण खर्च ठरवणाराच शिल्लक ठरवणार असेल तर शिल्लक कशी आणि किती वाढणार?

या व्यवस्थेची एक खूण आपल्या बाजारपेठांवर अजून आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंज्याला १८८६मध्ये उभा राहिला (कारंजा आज वाशीम जिल्ह्यात), तो हैदराबादच्या रेसिडेंटाच्या आदेशानं. १८९७चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाही त्याच दारातून आला. सार्वभौम निजाम, कायदा करणारा रेसिडेंट आणि वजन-काट्यावर उभा शेतकरी अकोल्याचा : हे सगळं एका वाक्यात मावत होतं.

५ नोव्हेंबर १९०२ला व्हाइसरॉय कर्झननं निजाम मीर महबूब अली खानाशी करार करून ‘उरेल ते’चा प्रश्न संपवला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व मान्य. वऱ्हाड ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्यानं. भाडं दरसाल २५ लाख रुपये. शब्द बघा. मालक तो, पण परत मागू शकत नाही. भाडं आहे, पण वाढ नाही. आकडा स्पष्ट झाला खरा, पण तो १९०२मध्येच खिळला. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. १९२३मध्ये पुढचा निजाम मीर उस्मान अली यानं पुन्हा मागणी केली आणि १९२६मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं सडेतोड पत्र लिहून ती फेटाळली. १९३६च्या करारानं निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. ज्या प्रांतात त्याचा तलाठीही नव्हता त्या प्रांताचा तो राजपुत्र.

मोर्शीच्या कागदावरचं ‘उर्वरित’ मी म्हणूनच सहजासहजी सोडलं नाही. व्यापारी चुरी वजा करणार, वाहतूक वजा करणार, सडलेला माल वजा करणार, आणि जे उरेल ते उर्वरित म्हणणार. सौदा ठोक होता, म्हणजे झाडावरचं बरंवाईट सगळं फळ त्याचंच. पण ‘ठोक’ हा शब्द दुसऱ्या ओळीत होता आणि ‘उर्वरित’ अकराव्या. मधल्या आठ ओळींत माणूस बराच फिरून येतो.

राजकीय करारांतही हीच गत. १९५३च्या नागपूर करारात विदर्भाच्या वाट्याचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात, असं लिहिलं आहे. पण त्या वाक्याची सुरुवात ‘एकाच सरकारच्या गरजांच्या अधीन राहून’ अशी आहे. घटनेच्या ३७१(२) कलमातही समन्यायी वाटपासोबत ‘संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन’ हे शब्द आहेतच. ‘अधीन राहून’ ज्या वाक्यात येतं, त्या वाक्यातला उरलेला मजकूर लोक फार आशेनं वाचतात.

कायदा अशा वाक्यांचं काय करतो? १८७२च्या भारतीय करार कायद्याचं २९वं कलम सांगतं की अर्थ ठरवताच येत नसेल तर करारच रद्द. त्याखाली उदाहरण दिलं आहे पांढऱ्या घोड्याचं : ‘माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना’. दोन्हींतली कुठली किंमत हे ठरवायला काही साधन नाही, म्हणून तो सौदाच नाही. त्याच कलमाखाली दुसरं उदाहरण आहे ते मला जास्त आवडतं. फक्त खोबरेल तेल विकणारा माणूस ‘शंभर टन तेल’ विकायचं कबूल करतो, तर तो करार चालतो, कारण त्याच्या धंद्यावरून तेल कोणतं ते कळतं. म्हणजे न्यायालय शब्दाकडे पाहतं तसं माणसाच्या पेठेकडेही पाहतं. आपल्याकडे ‘कापूस’ म्हटलं की सरकीसकट; सरकी काढलेली ती रुई. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या तोंडी कापूस म्हणजे बहुतेक वेळा रुई. पहिल्याचा भाव क्विंटलवर, दुसरीचा खंडीवर. अकोल्याच्या जिनात बसून केलेल्या कागदात ‘कापूस’चा अर्थ शोधायला शब्दकोश लागत नाही, जिन पुरतं.

आणि मुदत लिहिलीच नसेल तर? करार ‘वाजवी वेळात’ पाळायचा, आणि वाजवी किती हे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर. संत्र्याला वाजवी वेळ वेगळा, तुरीला वेगळा. शिवाय स्वतःच काम अडवून त्याच अडण्याचा फायदा कुणाला घेता येत नाही, हेही तत्त्व आहे. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याची बाजू कायद्यात लंगडी नव्हती. लंगडं होतं ते त्याचं वेळापत्रक. अमरावतीच्या कोर्टात दावा लावून वाजवी वेळ ठरवून घेईपर्यंत पुढचे किती बहार येऊन गेले असते, ते मोजण्यात अर्थ नाही.

शब्दावरून भांडण कुठवर जातं याचा वऱ्हाडातला सगळ्यात गाजलेला दाखला खामगावचा आहे. देशभरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना खामगाव हे नाव माहीत असतं ते यामुळे, टिळक राष्ट्रीय विद्यालयामुळे नाही. २२ जुलै १९५९ला अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिलशी ट्रंक कॉलवर सरकीच्या ढेपेचा सौदा केला. ढेप आली नाही, म्हणून ३१ हजार १५० रुपयांचा दावा अहमदाबादेत लागला. खामगावची बाजू अशी : आम्ही होकार खामगावातून दिला, माल खामगावला द्यायचा, पैसेही खामगावलाच घ्यायचे, मग दावा अहमदाबादेत कसा? अडलं ते कायद्यातल्या एका वाक्यावर. होकार ‘स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटला’ की समोरच्याला बांधतो, असं १८७२चा कायदा म्हणतो. ते वाक्य पत्र आणि टपाल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. टेलिफोन तेव्हा जन्मलेलाच नव्हता. तोंडातला शब्द तारेत शिरला तेव्हा हातून सुटला, की पलीकडच्या कानात पडला तेव्हा?

३० ऑगस्ट १९६५ला सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ठरवलं की टेलिफोनवरचं बोलणं समोरासमोरच्या बोलण्यासारखं; होकार जिथे ऐकला गेला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळा निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं, कायद्याचे शब्द टेलिफोनलाही पुरतील इतके रुंद आहेत, ते आहेत तसे वाचा. करार खामगावातच झाला. व्याकरणाचा मास्तर म्हणून माझं मत हिदायतुल्लांकडे झुकतं. पण एका दृष्टीनं बहुमतही कळतं : फोनवर आवाज मध्येच तुटला तर बोलणारा ‘मी हो म्हणालो होतो’ असं म्हणून मोकळा होऊ नये. आता व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा येतात त्याही या वादाचीच पुढची पिढी.

परदेशात असले खटले बहुतेक स्वल्पविरामावर गाजतात. कॅनडात रॉजर्स कम्युनिकेशन्सनं हजारो खांबांवर तारा टाकायचा करार केला. पाच वर्षं चालेल, नंतर पाच-पाच वर्षं पुढे, एक वर्षाची नोटीस देऊन संपवला तर सोडून. ‘नोटीस’च्या आधी स्वल्पविराम पडला, म्हणून ती सूट पहिल्या पाच वर्षांनाही लागते असं नियामकानं २००६मध्ये ठरवलं आणि रॉजर्सच्या डोळ्यांसमोर मोठी रक्कम उभी राहिली. पुढच्या वर्षी त्याच कराराची फ्रेंच प्रत काढली गेली. फ्रेंच वाक्यात अर्थ एकच निघत होता, निकाल फिरला. अमेरिकेतल्या मेन राज्यात दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांना एका न लिहिलेल्या स्वल्पविरामामुळे जादा कामाचे पैसे मिळाले. २०१८मध्ये ते प्रकरण ५० लाख डॉलरांवर मिटलं.

मराठीत स्वल्पविराम मुळात उशिरा आला. मेजर थॉमस कँडीचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५०चं. त्याआधीचे आपले कागद मोडीत. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळवत न्यायची. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह नाही. आणि तरी शेकडो वर्षं त्या मोडीत गहाणखतं झाली, देणी-घेणी झाली. कारण मराठीचा अर्थ चिन्हात नसतो, शब्दाच्या शेपटात असतो. ‘ने’ कुठे लागला, ‘ला’ कुठे, ‘कडून’ कुठे. इंग्रजी करार स्वल्पविरामानं फसतो, आपला प्रत्ययानं.

उदाहरणार्थ ‘आपल्या’. ‘मालकाने ठेकेदाराकडून आपल्या खर्चाने विहीर बांधवून घ्यावी.’ खर्च कुणाचा? करवून घेणारा मालक, करणारा ठेकेदार, आणि ‘आपल्या’ दोघांनाही बसतं. प्रयोजक क्रियापदाचा हा दोष भाषाशास्त्राच्या पुस्तकात खुसखुशीत वाटतो, विहिरीच्या काठावर नाही. त्याचा भाऊ ‘आपण’. ‘हमाली आपण देऊ’ म्हणजे आपण दोघं मिळून. ‘हमाली आपण द्याल’ म्हणजे तुम्ही. आणि अडत्याच्या चिठ्ठीत असतं नुसतं ‘हमाली आपण’. क्रियापद लिहायला कागद पुरला नाही म्हणे.

दिवसांचं तर विचारूच नका. ‘परवा’ म्हणजे गेलेला की येणारा? ‘पंधरा दिवसांनी पैसे’ म्हणजे पंधरा दिवस झाल्यावर एकदा, की दर पंधरा दिवसांनी हप्ता? ‘शेकडा दोन’ म्हटलं तर सावकाराच्या तोंडी ते महिन्याचं असतं, ऐकणाऱ्याला वर्षाचं वाटलं तर तो त्याचा दोष. सालदाराचं साल आपल्याकडे पाडव्याला लागतं. कराराच्या भाषेत ‘पाडवा ते पाडवा’, रक्कम ठरलेली. आता २०२३मध्ये अधिक श्रावण आला. त्या साली पाडवा २२ मार्चला, पुढचा ९ एप्रिल २०२४ला : सालदाराचे दिवस भरले ३८४. त्या पुढचं साल ३० मार्च २०२५ला संपलं : ३५५ दिवस. मजुरी एकच धरली तर एकोणतीस दिवस कुणी कुणाला दान केले? एका वयस्क सालदाराला मी हे गणित करून दाखवलं. तो म्हणाला, “धोंड्याच्या महिन्यात जावयाले वान भेटते मास्तर, सालदाराले नाई.”

आकड्यांच्या बाबतीत मात्र आपले जुने सावकार फार सावध. हुंडीत ते रक्कम एकदा अंकात लिहीत, मग ‘निमे अमुक, त्याची दुप्पट पुरे’ असं निम्म्यानं पुन्हा सांगत. हजाराची हुंडी असेल तर निमे पाचशे, दुप्पट पुरे हजार. शून्य वाढवणाऱ्याला दोन्हीकडे खाडाखोड करावी लागे. आजच्या चेकवर अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहितो ती याच सावधपणाची शेवटची खूण, आणि १८८१च्या कायद्यातही अंक आणि अक्षर जुळले नाहीत तर अक्षराचं खरं धरतात. रकमेच्या बाबतीत एवढं जपणारी माणसं तारखेच्या बाबतीत ‘माल विकल्यावर’ लिहून कशी मोकळी होतात, हे कोडं मला उलगडलेलं नाही. कदाचित रक्कम चोर बदलतो आणि तारीख ओळखीचा माणूस बदलतो, म्हणून.

सरकारलाही नेमकं लिहिणं जमतं, मनात असलं तर. लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यात पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस. अकोल्याचा डाळमिलवाला विचारेल, दिवस कधीपासून मोजायचे? माल ‘स्वीकारल्या’पासून. मग गिऱ्हाईक म्हणेल, आम्ही अजून स्वीकारलाच नाही, तपासतोय. कायद्यानं तिथे आधीच पाचर मारून ठेवली आहे : माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्या दिवशीच स्वीकारला असं धरायचं. याच्या शेजारी २०२०चा शेतमाल व्यापाराचा केंद्रीय कायदा ठेवून पाहा. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी, किंवा ‘प्रक्रियेनुसार आवश्यक असल्यास’ जास्तीत जास्त तीन कामकाजाच्या दिवसांत. कुणाच्या प्रक्रियेनुसार? आवश्यक हे कोण ठरवणार? तो कायदा २०२१मध्ये मागे घेतला गेला, कारणं वेगळी होती. पण ते पोटवाक्य मी एकदा वर्गात फळ्यावर लिहायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

मोर्शीचं प्रकरण शेवटी गावातच मिटलं. बाजारातली दोन वजनदार माणसं मध्ये बसली. २ लाख ६० हजारांतले १ लाख ९० हजार आले, तेही मेमध्ये, दोन हप्त्यांत. बाकीचे चुरीत गेले.

पुढच्या आंबिया बहाराला तो पुन्हा आला. व्यापारी तोच. मला जरा आश्चर्य वाटलं, तर म्हणाला, “दुसरा कोन येते सर? अन् आता थो वळखीचा हाये.” पाचशेचा स्टॅम्प आणला होता. या वेळी वाक्य मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं : ‘चुरीसह संपूर्ण फळाच्या ठोक सौद्यातली राहिलेली रक्कम, रु. २,८०,०००, अक्षरी रुपये दोन लाख ऐंशी हजार फक्त, खरेदीदार स्वतः विक्रेत्याच्या बँक खात्यात, तोडा संपेल त्या दिवशी किंवा ३१ डिसेंबर रोजी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, जमा करील.’ कर्ता आहे, क्रियापद आहे, ‘उर्वरित’ नाही, ‘ल्यावर’ नाही. मला स्वतःवर बरंच समाधान वाटलं.

व्यापाऱ्यानं ते वाक्य तीनदा वाचलं. मग म्हणाला, डिसेंबर जड जाते, १५ जानेवारी करा. झालं. ३१ डिसेंबरवर काट मारून वर १५ जानेवारी लिहिलं, खाडाखोडीशेजारी दोघांनी सह्या केल्या, साक्षीदारांनी केल्या, चहा झाला, व्यापारी गेला.

विद्यार्थी कागद घडी घालता घालता थांबला. पुन्हा उघडून डोळ्यांजवळ नेला.

“सर,” तो म्हणाला, “कोनती जानेवारी?”